हस्तस्वर

शुक्ल यजुर्वेदाचे अध्ययन केवळ कंठाने होत नाही. मंत्रातील अक्षराला जो स्वर असतो, त्या स्वराबरोबर म्हणणाऱ्याचा उजवा हातही चालतो. अनुदात्ताला हात खाली हृदयाशी येतो, उदात्ताला वर मस्तकाकडे जातो आणि स्वरिताला उजवीकडे, कानाच्या रेषेत वळतो. यालाच हस्तस्वर म्हणतात. हातावाचून केलेले पठण हस्तहीन ठरते, आणि हस्तहीन पठणाला जाणती माणसे पठण मानीत नाहीत.

पंचवटीतील वैजनाथशास्त्री गर्गे यांच्या पाठशाळेत आधी हात बसवीत, कंठ मागाहून. नवा विद्यार्थी आला की शास्त्रीबुवा त्याच्या शेजारी मांडी घालून बसत, त्याचे मनगट आपल्या हातात घेत आणि स्वतः मंत्र म्हणत त्याचा हात फिरवीत. मुलाने ओठ मिटून ठेवायचे. कित्येक आठवडे असे गेल्यावर एके दिवशी ते मनगट सोडून देत आणि मुलाचा हात आपोआप चालू लागे. मग म्हणत, "आता तोंड उघड."

मी त्यांचा बालमित्र. शाळेत संस्कृत शिकविण्यात माझा जन्म गेला. व्याकरण हा माझा विषय, वेद मी केवळ ऐकलेला. परंतु शास्त्रीबुवांचे तरुणपणीचे पठण ज्यांनी पाहिले, त्यांपैकी मी एक आहे. उदात्ताला हात वर जाई तेव्हा उपरण्याचा पदर खांद्यावरून घसरे, आणि खाली येता येता तोच हात त्या पदराला सावरून घेई. पठणाच्या ओघात ही गोष्ट इतकी सहज घडे की उपरणेही मंत्राबरोबर चालते आहे असे वाटावे.

१९८८ च्या भाद्रपदात ते गंगेवरून (पंचवटीतल्या नदीला आम्ही गंगाच म्हणतो) स्नान करून परतताना ओल्या पायरीवर घसरले. हातात पाण्याने भरलेला तांब्या होता. तो सांडू नये म्हणून त्यांनी स्वतःला सावरले नाही. उजव्या कमरेवर आणि खांद्यावर सगळा भार आला. हाड मोडले नव्हते. हात गळ्यात बांधला, पुष्कळ दिवस बांधलेलाच राहिला, आणि सोडला तेव्हा वर जाईना. शेक झाला, तेले झाली, गोळ्या झाल्या. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले. ते दुखतात म्हणून मागे पडले. पाठशाळा मात्र एक दिवसही बंद राहिली नाही. कोपर बरगडीला चिकटलेले, हात मनगटातून तेवढा हाले. आणि उदात्त आला की हात जाईना म्हणून ते उजवा खांदाच कानाकडे उचलीत व मान त्या बाजूला झुकवीत. तीच त्यांच्या पठणाची रीत झाली. आम्हा जवळच्या माणसांचे डोळे तिला सरावले.

असे बारा-तेरा पावसाळे गेले. पडण्यापूर्वीचे विद्यार्थी केव्हाच पांगले होते. कोणी नोटांच्या छापखान्यात लागला, कोणी बँकेत. त्यांचे हात मंत्र विसरले. नंतरच्यांपैकी मुकुंद शुक्ल हा पट्टशिष्य पाठशाळेतच शिकवू लागला, आणि इतर काहींनी बाहेरगावी स्वतःच्या पाठशाळा काढल्या.

२००१ मध्ये शास्त्रीबुवांचा श्वास अपुरा पडू लागला. पूर्वी मंत्रांची जी लांब कंडिका ते एका दमात म्हणत, तिच्या मध्येच थांबावे लागे. रात्री उजव्या कुशीवर झोप येत नसे. हृदय तपासले, छातीचा फोटो काढला, रक्त तपासले. काही निघाले नाही. शेवटी त्यांच्या पत्नी सिंधुताई यांनी कोठून तरी डॉ. उज्वला पिंगळे यांचे नाव आणले, आणि मी शास्त्रीबुवांना रिक्षात घालून गावातल्याच द्वारका चौकात घेऊन गेलो.

चौकातील दुकानांच्या वर, जिना चढून एक खोली. खाली मालमोटारींचे भोंगे, वर आश्चर्य वाटावे इतकी स्वच्छता. डॉक्टरीणबाई दिंडोरीच्या, वडिलांची द्राक्षबाग. फिजिओथेरपी शिकून त्या इंग्लंडला गेल्या होत्या आणि तेथे काही वर्षे ऑस्टिओपॅथी शिकून आल्या होत्या. पाटीवर तसे लिहिले होते, आणि त्यामुळे होमिओपॅथी समजून गोड गोळ्या मागायला येणाऱ्यांचाच भरणा अधिक असतो असे त्यांनी हसत सांगितले.

शास्त्रीबुवांनी त्या नावाचा अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, जुन्या ग्रीक भाषेत हाडाला ऑस्टिऑन म्हणतात, त्यावरून ते आले. मी म्हणालो की आपला अस्थि आणि तो शब्द सख्खे भाऊ.

"म्हणजे आपल्याच घरातला शब्द परदेशी जाऊन आला," शास्त्रीबुवा म्हणाले.

"माझ्यासारखाच, गुरुजी," बाई म्हणाल्या. "पण नावात हाड असलं तरी काम हाडापुरतं नाही."

त्यांनी आधीचे सर्व कागद पाहिले, खांद्याचा नवा फोटो काढून आणायला लावला, साखर तपासून घ्यायला लावली, आणि मगच हात लावला. तोही खांद्याला नाही. त्यांनी पायांच्या घोट्यांपासून सुरुवात केली. मग गुडघे, कमर, पाठीचा कणा, आणि बरगड्यांवर दोन्ही तळहात ठेवून त्या कितीतरी वेळ नुसत्या थांबून राहिल्या. जणू भिंतीपलीकडचे बोलणे ऐकत आहेत.

शास्त्रीबुवांनी शेवटी सांगितले, "बाई, दुखतो तो खांदा."

"दुखतो खांदा. पण पडलात तुम्ही कमरेवर."

मग त्यांनी जे समजावून दिले, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. शरीर एकसंध आहे. कमर अडली, म्हणून कणा एका बाजूला कलला. कणा कलला, म्हणून त्या बाजूच्या बरगड्या उघडेनाशा झाल्या. बरगड्या उघडत नाहीत, म्हणून श्वास अपुरा. आणि श्वास ओढण्यासाठी मानेचे स्नायू राबू लागले, म्हणून आधीच धरलेला खांदा अधिक धरला. एक अवयव थांबला की शेजारचे त्याचे काम वाटून घेतात, आणि पुढे तेही थकतात. हातांनी त्या अडलेल्या जागा शोधायच्या, हळूहळू मोकळ्या करायच्या. बरे होण्याचे काम शरीर स्वतः करते. मला हे ऐकताना व्याकरणातला संधी आठवला. एका अक्षराचे शेजार बदलले की दुसऱ्याचे रूप बदलते. दोष दिसतो एका ठिकाणी, कारण असते मागच्या पदात.

"हात पूर्वीसारखा होईल?" शास्त्रीबुवांनी विचारले.

"तसं मी म्हणणार नाही. फार वर्षं झाली. श्वास सुधारेल, झोप सुधारेल. हात थोडा वर जाईल. किती, ते हातच सांगेल."

उपचार सुरू झाले. आठवड्यातून एकदा आम्ही द्वारकेला जात असू. पहिल्या काही खेपांत एक विचित्र गोष्ट घडली. उपचारानंतर खांदा सैल असे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा दगडासारखा. बाईंनी खोदून खोदून विचारले तेव्हा कळले की परस्पर्श झाला म्हणून शास्त्रीबुवा घरी पोचताच विहिरीच्या गार पाण्याने स्नान करीत.

"गुरुजी, मी तासभर राबून लोणी काढते, आणि तुम्ही घरी जाऊन त्याचा बर्फ करता," बाई म्हणाल्या.

शास्त्रीबुवा ओशाळले. तेव्हापासून पाणी तापविले जाऊ लागले, आणि शास्त्रात पाणी गार असावे असे कोठे लिहिले आहे ते मला तरी दाखवा, असे सिंधुताई चूल पेटविताना नित्य म्हणू लागल्या.

हिवाळा संपेतो गुण दिसू लागला. शास्त्रीबुवा उजव्या कुशीवर झोपू लागले. अन्न अंगी लागू लागले. ती लांब कंडिका पुन्हा एका श्वासात बसली. कोपर बरगडीपासून वीतभर सुटले. त्याहून अधिक त्यांना काही नको होते. आपला हात गेला तो गेला, श्वास परत मिळाला हीच देवाची कृपा, असे ते मला परतीच्या रिक्षात सांगत.

पुढच्या चैत्रात पाठशाळेच्या माडीवर वसंतपूजा होती. वैदिकांना बोलावून त्यांचे पठण ऐकावे, त्यांना गंध, फुले, पन्हे द्यावे, असा हा सोहळा. शास्त्रीबुवांनी डॉक्टरीणबाईंना आवर्जून निमंत्रण दिले. त्या आल्या आणि सिंधुताईंजवळ बसल्या. समोर दोन ओळींत शिष्य बसले होते. पहिल्या ओळीच्या टोकाला मुकुंद. बाहेरगावी पाठशाळा काढलेलेही आपापली मुले घेऊन आले होते. पठण चांगले झाले. इतके कंठ, आणि एकाचाही स्वर ढळला नाही. शास्त्रीबुवा डोळे मिटून ऐकत होते.

पठणानंतर ते स्वतः पन्ह्याच्या पेल्यांचे तबक घेऊन बाईंकडे आले. बाईंच्या चेहऱ्यावर कौतुक होते, पण त्यात काही वेगळेही होते.

"गुरुजी, एक विचारू? ही सगळी मुलं पडली होती का?"

शास्त्रीबुवांना प्रश्न समजला नाही. मलाही नाही.

"सगळ्यांचा उजवा खांदा चढलेला आहे. मान त्याच बाजूला. कोपर बरगडीला लागलेलं. मी दारातून आत आले, पाठमोरी ओळ दिसली, आणि मला वाटलं तुम्हीच बसलायत. मग बघितलं तर ते तुम्ही नव्हतात, तो पंधरा वर्षांचा मुलगा होता."

त्यांनी हे निष्पाप मनाने विचारले होते. तपासणीची सवय, दुसरे काही नाही. शास्त्रीबुवांनी तबक खाली ठेवले. मागे वळून त्यांनी शिष्यांकडे पाहिले. मुले आपसात बोलत, पन्हे पीत होती, आणि पेला ओठांशी नेतानासुद्धा त्यांपैकी दोघा-तिघांचा खांदा कानाकडे चढत होता.

मीही तेव्हाच पाहिले. इतकी वर्षे त्या माडीवर मी येत होतो, आणि ते मला दिसले नव्हते. ज्या हाताने त्यांनी मुलांची मनगटे धरली, तो हात जेथवर जाई तेथवरच त्या मुलांचे हात गेले. मुलांनी काही चुकविले नव्हते. जे दिले ते त्यांनी तंतोतंत घेतले होते, दुखणेसुद्धा.

त्या दिवसापासून शास्त्रीबुवा बदलले. आता त्यांना श्वास नको होता, झोप नको होती; हात हवा होता. एकदा, फक्त एकदा तो मस्तकापर्यंत जावा, मुलांना दाखविता यावा, त्यांची मनगटे पुन्हा धरून वर नेता यावीत. बाईंना त्यांनी सर्व सांगितले. बाईंनी ऐकून घेतले आणि आठवड्यातून दोनदा बोलावले. वडिलांच्या बागेतला वेल एका बाजूला वाढलेला असला तर तो एकदम ओढून मांडवावर आणता येत नाही, तुटतो, एवढेच त्या म्हणाल्या. घरी करायचे व्यायाम पूर्वी दुखतात म्हणून सोडलेले. आता शास्त्रीबुवा भिंतीला बोटे टेकवून ती वर वर चढवीत, आणि डोळ्यांत पाणी आले तरी थांबत नसत. सिंधुताई पाहत आणि आत निघून जात.

हात चढत गेला. श्रावणात खांद्याच्या पातळीला आला. दसऱ्याच्या सुमारास हनुवटीला. कार्तिकात एका सकाळी, द्वारकेच्या त्या खोलीत, बाईंनी एक तळहात त्यांच्या पाठीच्या फऱ्यावर आणि एक बरगडीवर ठेवला होता, आणि शास्त्रीबुवांनी एक लहानसा मंत्र म्हटला. उदात्तावर हात कपाळाशी गेला. उपरण्याचा पदर घसरला. खाली येताना त्यांनी तो सावरून घेतला. मला हे पाहवेना. मी खिडकीबाहेर मालमोटारींकडे पाहत राहिलो.

बाईंनी सावध केले. हे वाट्याला आले ते पुष्कळ आहे, आता घाई नको. पण देवदिवाळीला शिष्य जमणार होते, आणि शास्त्रीबुवांना थांबणे शक्य नव्हते.

ते सर्व माडीवर जमले तेव्हा दुपार होती. शास्त्रीबुवांनी त्यांना समोर बसवून शांतपणे सांगितले की तुमच्या हातांत एक दोष माझ्यामुळे राहिला आहे. आपल्या पडण्याची हकीकत सांगितली. मग मंत्र म्हटला, आणि हात वर नेला.

मुले मुकुंदाकडे पाहू लागली. मुकुंद उठला, त्याने गुरूंच्या पायांवर डोके ठेवले, आणि तसाच गुडघ्यांवर बसून राहिला.

"गुरुजी, काशीकडचे हात कपाळापर्यंत नेतात, ते आम्ही पाहिलं आहे. वेदसंमेलनात त्यांनी विचारलंही. आम्ही सांगितलं, आमच्या गुरुघराण्यात कोपर सुटू देत नाहीत."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आपणच. मी नवा होतो. मी विचारलं, दुसरे हात वर नेतात, आपण का नाही? आपण म्हणालात, आपल्याकडे कोपर सुटू देत नाहीत."

शास्त्रीबुवा आठवू लागले. त्यांना आठवले असावे. कारण त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. एका लहान मुलापुढे आपले पंगुत्व कबूल करायला त्या दिवशी संकोच वाटला असेल, किंवा खांदा फार ठणकत असेल. एक वाक्य बोलून ते पुढच्या मंत्राकडे वळले असतील. त्या वाक्याचे पुढे काय झाले, ते आता त्यांच्यासमोर दोन ओळींत बसले होते. मुकुंदाने त्याला अर्थही जोडला होता: कोपर प्राणाशी बांधलेले, म्हणून आमचे पठण स्थिर. मुले तोच अर्थ लिहून, पाठ करून, दुसऱ्यांना सांगत होती. त्या हातासाठी त्यांचा सत्कार झाला होता.

"ते मी खोटं बोललो," शास्त्रीबुवा म्हणाले.

मुकुंदाचे डोळे भरले होते. त्याने हलक्या आवाजात सांगितले की गुरुजींच्या प्रकृतीला आराम पडला याचा आम्हा सर्वांना आनंद आहे. पण बाईंच्या उपचाराने हात जरा अधिकच सैल झाला आहे, तो आपल्या जागी येईल.

शास्त्रीबुवांनी माझ्याकडे पाहिले. मी साक्ष दिली. उपरण्याचा पदर कसा घसरत असे तेही सांगितले. मुकुंदाने मला हात जोडले. "मास्तर, आपण व्याकरणाचे. आपण ऐकलंय, पण आपलं मनगट गुरुजींनी कधी धरलेलं नाही." यात अनादर नव्हता, आणि जे तो म्हणाला ते खरे होते.

शास्त्रीबुवा मग एका मुलाजवळ गेले. त्याचे मनगट हाती घेतले आणि वर नेऊ लागले. मुलाने विरोध केला नाही. परंतु हात छातीच्या वर जाताच त्याचा खांदा आपोआप कानाकडे चढला, मान झुकली, आणि भीतीने त्याचा स्वर तुटला. शास्त्रीबुवांनी दुसऱ्याचे मनगट धरले. तेथेही तेच. त्यांनी ते सोडून दिले.

संध्याकाळी गंगेवर मंत्रजागर होता. पणत्या लागल्या होत्या, घाटावर माणसे बसली होती. अग्रभागी शास्त्रीबुवा आणि मागे शिष्य. त्यांनी पठण सुरू केले आणि पहिल्याच उदात्तावर हात कपाळापर्यंत नेला. मागे सगळे हात छातीशी थांबले. सामूहिक पठणात सर्वांचे डोळे अग्रणीच्या हातावर असतात. हात वेगळा दिसला की जीभ अडखळते. लहान मुलांचा एक स्वर चुकला, मग आणखी एक. मुकुंदाने आवाज चढवून सांभाळण्याचा यत्न केला. ऐकणारे मान वर करून पाहू लागले. हातातील विसंगती हा मंत्राचा दोष नव्हे. स्वर मोडणे हा मात्र मंत्राचा घात, आणि तो शास्त्रीबुवांच्या देखत, त्यांच्या मागे, गंगेच्या काठी होत होता.

पुढचा उदात्त आला. मी पाहत होतो. हात हृदयापासून निघाला, छातीशी आला, आणि तेथे थांबला. कोपर हळूच मागे सरकून बरगडीला लागले. उजवा खांदा वर चढला, मान झुकली. मागचे सर्व कंठ तत्क्षणी एक झाले. पठण शेवटपर्यंत निर्दोष झाले, आणि लोकांनी मुलांना नमस्कार केला.

पुढच्या आठवड्यात शास्त्रीबुवा द्वारकेला येण्यास तयार नव्हते. सिंधुताईंनी पाठविले म्हणून आले. बाईंनी नेहमीप्रमाणे पायांपासून तपासले. कमर मोकळी होती, कणा सरळ होता, बरगड्या उघडत होत्या. मग त्यांचे हात खांद्यावर गेले आणि थबकले.

"हा पुन्हा धरलाय," त्या म्हणाल्या. "पडलात का?"

"नाही. या खेपेला मीच धरला आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. एक तळहात फऱ्यावर, एक बरगडीवर, असे त्यांनी ठेवले आणि वाट पाहत राहिल्या. खाली चौकात भोंगे वाजत होते. शास्त्रीबुवांचा श्वास लांब आणि सुरळीत चालला होता, बाईंच्या हाताखाली बरगड्या उघडत आणि मिटत होत्या, आणि कोपर त्या बरगड्यांना चिकटून त्यांच्याबरोबर वरखाली होत होते.